नीलाकाकूची आंघोळ

खाली माणसं रडत असली की वर आईला फोडणी घालायची बंदी होती. आमचं बिऱ्हाड फ्यूनरल होमच्या डोक्यावर, आणि एअर कंडिशनिंगची नळी दोन्हीकडे एकच, त्यामुळे वर तेलात हिंग पडला की खाली शवपेटीभोवती उभे असलेले लोक शिंकायला लागायचे. मालक मिस्टर डॉसन यांनी हे एकदाच सांगितलं, तेही फार अदबीने, पण आईला ते लागलं. मग व्ह्यूइंगच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसाचं शेवटचं दर्शन घ्यायला लोक यायचे त्या दिवशी, आमच्याकडे दहीपोहे, नाहीतर पहाटेच करून ठेवलेली गारढोण आमटी आणि भात. मी दहीपोहे आजही खात नाही. माझ्या मुलांना वाटतं, आपल्या आईला दही सोसत नाही. वाटू दे.

बाबा आधी तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तेलाचे भाव पडले आणि शुगर लँडमधल्या आमच्या रस्त्यावर घरांपुढे विक्रीच्या पाट्या लागल्या. काही जण भावाकडे न्यू जर्सीला गेले, काही परत पुण्याला गेले आणि तिथे 'अमेरिका सोडून आलो, मनच रमेना' असं सांगत बसले. बाबा हट्टी. डॉसनना सूट घालणारा, हळू बोलणारा, वेळेवर येणारा माणूस हवा होता, आणि वर राहायला जागा होती. बाबांनी आईला विचारलं नाही, सांगितलं. आई तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि मग एकदम म्हणाली, "पडदे मी निवडणार." मराठी मंडळातल्या लोकांनी मात्र आमच्याशी बोलणं तोडलं नाही, जेवणं तोडलं. शैलाकाकू, जिच्या घरी मी लहानपणापासून पडीक असायची, ती आमच्या दाराशी यायची, चपला न काढता उभी राहायची आणि म्हणायची, "नको गं, आत्ताच जेवून आलेय." दुपारी चारला सुद्धा ती आत्ताच जेवून आलेली असायची.

बाबांनी हे काम इंजिनिअरसारखं मुळापासून शिकून घेतलं. कुठलंही कुटुंब आलं की त्यातली सगळ्यांत म्हातारी बाई कोण ते आधी शोधायचे आणि तिच्यापुढे खुर्ची ओढून बसायचे. पुरुषांना आपल्याच घरची पद्धत धड माहीत नसते, असं त्यांचं मत होतं. माझं मत याहून कडक आहे, पण ते असो. व्हिएतनामी कुटुंबांच्या उदबत्त्यांनी आगीचा अलार्म बोंबलू नये म्हणून त्यांनी खिडकीत पंखा बसवला. मेक्सिकन कुटुंबं पणतवंडांसकट यायची, दिवसभर बसायची, जपमाळ ओढायची, खायची, खिदळायची, परत रडायची. त्यांच्यासाठी मागच्या खोलीत टेबलं टाकली आणि पोरांना धावायला गाड्या हलवून जागा करून दिली. जाताना ती माणसं तमाले द्यायची, मक्याच्या सालीत गुंडाळलेले, गरमगरम. आई त्यातलं डुकराचं मांस काढून शेजारच्या कुत्र्याला घालायची आणि उरलेल्या पिठाला 'ढोकळ्याच्या वाटेला गेलेलं आहे' म्हणून मीठ-मिरची लावून आम्हाला द्यायची.

लोकांना वाटतं अशा ठिकाणी शांतता असते. काचेच्या दारावर सोनेरी अक्षरं, मऊ गालिचा, टेपवर ऑर्गन, म्हणजे शांतता. मी तिथे जितकी मारामारी पाहिली तितकी कुठल्या बारबाहेर पाहिली नाही. दोन भाऊ, दोघंही गुरं पाळणारे रांचवाले, डोक्यावरची हॅट हातात धरून आले, बापाच्या पायाशी उभे राहिले आणि बापाच्या कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल कुणाचं यावरून एकाने दुसऱ्याच्या कानशिलात फुलदाणी घातली. रक्त बापाच्या कोटावर उडालं. एका बाईने नवऱ्याच्या शवपेटीपाशी येऊन आधी त्याचं चुंबन घेतलं आणि मग त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी इतकं बडवलं की पेटीखालचा गाडा सरकून भिंतीवर आपटला. तिच्यामागे रांगेत दुसरी एक बाई उभी होती, हे सगळं तिला बघून. गोळी लागून गेलेल्या पोरांच्या व्ह्यूइंगला तर पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या दाराचा आवाज ऐकून बाबा दचकायचे. फुलदाणीच्या प्रकरणानंतर त्यांनी दर्शनाच्या खोलीत उचलता येईल असं काहीच ठेवायचं नाही असा नियम केला. दिवे भिंतीत, खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या, कॉफी कागदी कपात.

आणि उभं कसं राहायचं ते त्यांना कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमधल्या बायकांनी शिकवलं. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे घालून त्या यायच्या आणि सगळ्यांत जवळच्या माणसाच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. गुडघे जरा वाकवून, हात उघडे. धरायचं नाही. किंचाळू द्यायचं, कपडे फाडू द्यायचे, देवाला शिव्या देऊ द्यायच्या; पडली तर झेलायची. बाबांनी ते मला शिकवलं. कॉलेजचं पहिलं वर्ष चालू होतं, दुपारी वर्ग सुटले की मी काळा स्कर्ट घालून खाली जायची आणि परक्या बायकांच्या मागे गुडघे वाकवून उभी राहायची. मला ते काम आवडायचं. त्या वयात मला कशाचाही राग यायचा, आणि आपल्या घरांत मुलींनी राग कुठे ठेवायचा याला जागा नसते. इथे खाली माणसं भिंतीवर डोकं आपटत होती आणि कुणी त्यांना 'हळू बोल, लोक ऐकतील' म्हणत नव्हतं.

आपली माणसं मात्र तिथे आली नव्हती. ती आली नीलाकाकू गेली तेव्हा.

नीलाकाकू विनयकाकांची बायको. विनयकाका डॉक्टर, मंडळाचे अध्यक्ष, गणपतीला स्टेजवर तेच, दिवाळीला तबल्यावर तेच, आणि सगळ्या बायकांचे लाडके, कारण ते पोटलकच्या, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाच्या वेळी स्वतः ताटं उचलायचे. नीलाकाकू नागपूरची, तिशीतली, मूलबाळ नव्हतं. तिला मंडळात 'दचकी' म्हणत. कुणी शेजारून हात लांब करून लोणच्याची बरणी घेतली तरी ती मान खाली घालून बाजूला व्हायची, आणि मग सगळे हसायचे, विनयकाका सगळ्यांत मोठ्याने. "अरे यार, आमच्या दचकीला जपून वाढा," म्हणायचे. ती पण हसायची. आता लिहिताना माझ्या हाताची मूठ वळते आहे. इतकी शिकलेली माणसं होती त्या खोलीत, निम्मे डॉक्टर, आणि कुणाला त्या मान खाली घालण्याचं निदान करता आलं नाही.

ती बाथटबमध्ये पडली, हार्ट आधीपासून वीक होतं, असं फोनवर सगळीकडे सांगण्यात आलं. हार्ट म्हणून विनयकाकांच्याच ओळखीच्या डॉक्टरने लिहूनही दिलं. दुसऱ्या दिवशी ते बाबांच्या समोर येऊन बसले. डोळे सुजलेले होते, रडलेले होते. ते खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं, आणि त्याने काही फरक पडत नाही असंही वाटतं.

"जोशी, सिंपल ठेवा," ते म्हणाले. "ओपन कास्केट, तासभर दर्शन, मग लगेच क्रिमेटोरियम. पद्धती-बिद्धती काही नकोत. जस्ट मेक हर लुक नाइस."

"आई आल्यात ना तुमच्या भारतातून?" बाबांनी विचारलं. "त्यांच्याशी बोलू का?"

"तिला कशाला त्रास? झोपून आहे ती."

बाबा 'बरं' म्हणाले आणि ते गेल्यावर आजींना फोन केला. सवयच ती. आजी म्हणजे विनयकाकांची आई, सत्तरीची, सहा महिन्यांसाठी आलेली, इंग्रजीचा गंध नाही. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं की सुनेला परक्या पुरुषांचे हात लागलेत, तशी ती अग्नीला जाणार नाही; आधी आपल्या बायकांच्या हातून ऊन पाण्याची आंघोळ, हळद, नवी हिरवी साडी, ओटी. अहेव गेलीय, तिचा मान आहे तो. विनयला सांगायचं कारण नाही, बायकांचं बायका बघतील. बाबांनी ते सगळं मान्य केलं. कुटुंबातली मोठी बाई सांगते ती पद्धत, इथे त्यांचा विषय संपायचा.

त्यामुळे झालं असं की प्रेतं तयार करणारा आमचा अर्ल, जो या कामात कलावंत होता, त्याने सकाळभर खपून नीलाकाकूला तयार केलं, 'लुक नाइस' म्हटल्याप्रमाणे, आणि जेवायला गेला. पडल्याच्या खुणा आहेत, त्या झाका, असं त्याला सांगण्यात आलं होतं, आणि सांगणारा डॉक्टर होता. इकडे समोरच्या दाराने मंडळी यायला लागली, विनयकाका दाराशी उभे राहून एकेकाच्या गळ्यात पडत होते, आणि मागच्या दाराने आजी आणि शैलाकाकू पिशवी घेऊन आल्या. अर्लने तिच्या चेहऱ्याला आणि मानेला रंग लावला आहे, मेण भरलं आहे, हे त्या दोघींच्या ध्यानीमनी नव्हतं. मयताला पावडर-लाली करतात हेच आजींना माहीत नव्हतं. "किती तेज आहे चेहऱ्यावर," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मागच्या खोलीत स्टीलचं टेबल, खाली उतार, एका टोकाला नळाची रबरी नळी. आई आणि मी मदतीला होतो; आईने पाणी आपल्या मनगटावर घेऊन पाहिलं, जसं लहान मुलासाठी पाहतात. मी बादली भरून दिली. आजी तांब्याने डोक्यावरून पाणी घालत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या, शैलाकाकू लांब उभी राहून दोन बोटांनी हळद देत होती, आणि आई चोळत होती. आधी पाणी दुधाळ झालं. मग गव्हाळ रंगाचं काहीतरी घट्ट, ओघळ येऊन टेबलाच्या कडेने वाहायला लागलं आणि आईचे हात थांबले. तिला वाटलं कातडी निघाली. मग तिने बोट लावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नळी मागितली.

ऊन पाण्याखाली नीलाकाकूचा खरा चेहरा वर आला. डाव्या कानशिलावरून मेणाचा तुकडा सुटला आणि टेबलावरून घरंगळत शैलाकाकूच्या पायाशी पडला. त्याखाली खड्डा होता. ओठाच्या आत चीर होती, शिवलेली. आणि गळ्यावर, दोन्ही बाजूंना चार चार, आणि पुढे, मध्ये, दोन. मला मोजायचं नव्हतं. अंगठे कुठे होते ते लहान मुलालाही कळलं असतं. खांद्यांवर, दंडांवर जुनं पिवळं, त्यावर हिरवं, त्यावर काळं. शैलाकाकू सिंककडे धावली आणि ओकली.

"सीपीआर केलं की होतं असं," ती तोंड पुसत म्हणाली. "आमचे हे सांगतात ना. बरगड्या पण मोडतात."

"सीपीआर गळ्यावर नाही देत, शैला," आई म्हणाली.

आजींनी तांब्या खाली ठेवला, पिशवीतून हिरवी साडी ओढून काढली आणि म्हणाल्या, "नेसवा. लवकर. पदर गळ्याभोवती घ्या."

"आजी, हे कुणालातरी दाखवायला हवं," आई म्हणाली.

"नेसव म्हणते ना."

आईने साडी धरून ठेवली. आजींनी हिसकली, आईने सोडली नाही, आणि आजींनी आईच्या थोबाडीत मारली. सत्तरीची बाई, पण आवाज फरशीवर घुमला. माझ्या आईला कुणी मारलेलं मी पाहिलं नव्हतं. मी पुढे झाले तर आईने मला हाताने मागे ढकललं, गालाला हातसुद्धा लावला नाही. "तो माझा एकुलता एक आहे," आजी म्हणाल्या. "ती गेली. आता जाळ की राख होणार तिची, तिला काय? माझ्या पोराचं वाटोळं करू नको." आई कॉरिडॉरच्या दाराशी गेली, आतून कडी घातली आणि मला म्हणाली, "गॅरेजमधून जा. शेरीफला फोन कर. आणि बाबांना सांग, कुणालाही आत सोडू नका."

मी फोन केला. काय बोलले ते आठवत नाही, पत्ता दोनदा सांगितला एवढं आठवतं. मग समोरच्या हॉलमध्ये आले. ओळखीची सगळी माणसं रांगांत बसलेली, सिल्कच्या साड्या, कुणी घड्याळ बघतंय. विनयकाका माझ्यासमोर आले. माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"इतका वेळ काय चाललंय? काही गडबड झाली का?"

"वी वॉश्ड हर, काका," मी म्हटलं. "सगळा मेकअप गेला."

शहाणपणाचं नव्हतं ते. पण मला त्यांचा चेहरा बघायचा होता, आणि मी तो पाहिला. ते धावत सुटले, मी मागे, आणि कॉरिडॉरमध्ये बाबा उभे होते. "बाबा, आई म्हणते कुणाला आत सोडू नका," मी ओरडले. बाबांनी 'का' विचारलं नाही. दाराला पाठ लावली, गुडघे जरा वाकवले, हात उघडे ठेवले.

पहिल्या ठोशाला चष्मा गेला. दुसरा नाकावर. विनयकाका उंच, टेनिस खेळणारे. बाबा माझ्या खांद्याला लागायचे. विनयकाका मारत होते आणि दार बडवत होते आणि शिव्या देत होते, मराठीत, मी कधी न ऐकलेल्या, ज्यांचा अर्थ मला कुणी सांगायला लागला नाही. बाबा खाली जायचे, परत उभे राहायचे. हॉलमधले पुरुष धावत आले, पाच-सहा जण, आणि त्यांनी पकडलं कुणाला? बाबांना. "अहो जोशी, नवरा आहे तो तिचा, जाऊ द्या ना आत," म्हणत शैलाकाकूच्या नवऱ्याने बाबांचा दंड धरून ओढला. मी विनयकाकांच्या पाठीवर उडी मारली, दोन्ही हातांनी केस धरले आणि कान चावला. रक्ताची चव लागली. त्यांनी मला झटकलं ते सरळ भिंतीवर. माझा पुढचा एक दात खोटा आहे, तो तिथला. डेंटिस्ट दर वेळी विचारतो आणि मी सायकलवरून पडले म्हणते.

शेजारच्या खोलीत एक मेक्सिकन कुटुंब संध्याकाळच्या व्ह्यूइंगची मांडणी करत होतं. त्यांचा नातू गोळी लागून गेला होता, त्या माणसांनी पुरेसं पाहिलेलं होतं. तरी ते आले. एक काका आणि दोन भाऊ, मेणबत्त्या खाली ठेवून. त्यांना बाबा माहीत होते, एवढंच पुरेसं झालं. त्यांनी विनयकाकांना भिंतीला लावून हात मागे धरले आणि आमच्या मंडळातल्या माणसांकडे अशा नजरेने पाहिलं की ती मुकाट्याने मागे सरली.

शेरीफचा शिपाई, डेप्युटी, आला तेव्हा त्याने काय पाहिलं असेल? सूटमधल्या एका डॉक्टरला तिघा मेक्सिकनांनी धरलेलं. त्याने आधी त्या तिघांना जमिनीवर पालथं घातलं. विनयकाकांनी कोट झटकला, केस सारखे केले आणि त्यांचा आवाज क्षणात दवाखान्यातला झाला. ऑफिसर, माझी बायको वारली आहे, भावना अनावर झाल्या, या लोकांचा आमच्यावर जुना राग आहे, नोकरी गेल्यापासून. बाबा नाकाला रुमाल लावून म्हणाले, आतल्या बाईला बघा. डेप्युटीने दार ठोकलं, आईने उघडलं. "शी वॉज बीटन," आई म्हणाली. "नेक. सी द नेक." डेप्युटीने शैलाकाकूला विचारलं, मॅडम, तुम्ही आत होता, तुम्ही पाहिलं का? शैलाकाकूने नवऱ्याकडे पाहिलं. "आय डिडन्ट सी एनीथिंग," म्हणाली, आणि तिच्या पायाच्या बोटाला मेण लागलेलं होतं.

डेप्युटी आत पाऊल टाकणार तेवढ्यात विनयकाका म्हणाले, "ऑफिसर, माझी पत्नी विवस्त्र आहे. आमच्या धर्मात अंत्यसंस्काराआधी परपुरुषाची नजर पडलेली चालत नाही. प्लीज. रिस्पेक्ट अवर कस्टम."

तो थांबला. चांगला माणूस होता बिचारा, हॅट काढून हातात घेतली. इतकी वर्षं बाबांनी ज्यासाठी स्वतःला झिजवलं, प्रत्येकाची रीत, प्रत्येकाचा मान, तेच ह्या माणसाने उचलून दाराला अडसरासारखं लावलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डेप्युटी बाबांकडे वळला, कारण कोटावर बाबांच्या नावाची पट्टी होती. हे खरं आहे का सर, तुमच्याकडे असं असतं?

बाबांनी रुमाल खाली घेतला. "ते मी नाही सांगू शकत," ते म्हणाले. "या घरातल्या मोठ्या इथे आहेत. त्यांना विचारू या."

आजी आत ओल्या फरशीवर बसलेल्या होत्या. आईने मला नंतर सांगितलं, विनयकाका बाहेर शिव्या देत दार बडवायला लागले तशा त्या तिथेच मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हुबेहूब बापाचा आवाज." मग पुन्हा एकदा, "हुबेहूब."

बाबा उंबऱ्यातूनच बोलले. "आजी, हे पोलीस आहेत. विनय म्हणतो, परक्या पुरुषाने तिला पाहिलेलं आपल्यात चालत नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

"आई, तू गप्प बस," विनयकाका म्हणाले. "तुला काही कळत नाही यातलं."

आजी भिंतीचा आधार घेत उठल्या आणि दारात आल्या. मुलाकडे पाहिलं, बराच वेळ, तो लहान असताना आजारी पडला की पाहत असतील तसं. मग डेप्युटीकडे वळल्या आणि आपले दोन्ही हात आपल्याच गळ्याभोवती ठेवले. अंगठे पुढे. आणि दाबले. नुसती खूण करून थांबल्या नाहीत, दाबत राहिल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, चेहरा काळानिळा होईपर्यंत, शेवटी आईने मागून धावत जाऊन त्यांचे हात सोडवले. खोकत खोकत त्यांनी बोट मुलाकडे केलं. "सांगा त्याला," त्या बाबांना म्हणाल्या. "म्हणावं, आत ये. बघ."

डेप्युटी आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्या तिघांना त्याने स्वतः हात देऊन उठवलं. विनयकाकांना नेताना ते एकदाही आपल्या आईकडे बघायला वळले नाहीत. पुढे त्यांना शिक्षा झाली. ती किती हे मी इथे लिहीत नाही, कारण कितीही लिहिली तरी मला कमीच वाटेल. मंडळाने आम्हाला त्या वर्षी गणपतीला बोलावलं नाही, नंतरही नाही. डॉसन बाबांवर चिडले, अर्लवर त्याहून चिडले, पण बाबांना काढलं नाही.

काउंटीचे लोक नीलाकाकूला तशीच, चादरीत घालून शवविच्छेदनाला घेऊन गेले. कुणी तिला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. आजी साडी हातात घेऊन उभ्या होत्या. "आंघोळ अर्धी राहिलीय तिची," त्या म्हणाल्या, आणि हे कुणीच कुणाला इंग्रजीत सांगितलं नाही. त्यांना जायला घर नव्हतं, म्हणजे किल्ली होती, पण त्या घरात कोण पाठवणार. आईने त्यांना वर आणलं. आईच्या गालावर अजून बोटं उमटलेली होती आणि तशीच ती भात टाकायला गेली. आजी आमच्याकडे राहिल्या. खाली कुणी मोठ्याने रडायला लागलं की जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायच्या आणि ऐकायच्या.

नीलाकाकूचा भाऊ नागपूरहून निघायची धडपड करत होता, त्याला व्हिसा मिळाला नाही. ती परत आली तेव्हा आम्ही तिघीच होतो, आजी, आई आणि मी. आता तिच्या अंगावर धुऊन जाण्यासारखं काही नव्हतं. छातीवर नवी शिवण होती, मोठे टाके, गोणीला घालतात तसे, आणि आजींनी त्यावरून हळदीचा हात इतका हलका फिरवला की मला बघवेना. हिरवी साडी नेसवली. ओटीत तांदूळ, नारळ, खण. आईने कुंकू लावलं. मग पिशवीच्या तळाशी हात घालून आईने मंगळसूत्र बाहेर काढलं आणि आजींपुढे धरलं, कारण ते घालायचा मान त्यांचा होता.

आजींनी ते घेतलं, मुठीत धरलं आणि परत पिशवीत टाकलं.

"ते नको," त्या म्हणाल्या. "गळा मोकळा राहू दे तिचा."